बेटावर कोण कोण

दिवाळी अंकांतल्या हास्यचित्रकारांना निर्जन बेट फार प्रिय. चार पावलांत संपणारी वाळू, मधोमध नारळाचं एक झाड, झाडाखाली दाढी वाढलेला आणि विजारीच्या चिंध्या झालेला गृहस्थ. विनोद दरसाल नवा, बेट तेच. हे बेट कुठल्या समुद्रात आहे ते चित्रकार सांगत नाही, पण बघणाऱ्याच्या मनात ते बहुधा कॅरिबियनमध्येच असतं. चाचे तिथले, रम तिथली, वाळूत पुरलेल्या पेट्याही तिथल्याच.

त्या चित्रातला माणूस जसा बाहेरून आलेला, तसं ते झाडही. कोलंबस १४९२ मध्ये त्या बेटांना लागला तेव्हा तिथल्या किनाऱ्यांवर नारळ नव्हता. वास्को द गामाने वाट दाखवल्यावर पोर्तुगीजांची हिंदी महासागरात ये-जा सुरू झाली. आफ्रिकेला वळसा घालून परतताना त्यांनी नारळ नेला, केप व्हर्दे बेटांवर लावला, आणि तिथून सोळाव्या शतकात तो अटलांटिकपार पोचला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातही हेच निघालं: अटलांटिककाठचे नारळ भारत, श्रीलंका, मालदीव या बाजूच्या नारळांचे भाऊबंद आहेत, प्रशांत महासागरातल्या नारळांचे नव्हेत. म्हणजे जगभरच्या हास्यचित्रांत एकटेपणाची खूण म्हणून जे झाड उभं असतं ते आपल्या किनाऱ्याच्या गोतावळ्यातलं. कुणीतरी जहाजातून नेल्याशिवाय आणि कुणीतरी खड्डा खणून लावल्याशिवाय ते तिथे गेलंच नसतं.

हे सगळं मला सुटीचा बेत आखता आखता कळत गेलं.

बेत भाचीचा. ती लंडनला असते, नोकरीने पिळून निघालेली. एका रविवारी फोनवर म्हणाली, "मावशी, जिथे कोणी म्हणजे कोणी नसेल अशा ठिकाणी जाऊ या. वाय-फाय नको, शेजार नको, 'काय मग, कसं काय' विचारणारं कोणी नको." मी निवृत्त, गुडघे अजून साथ देतायत, आणि सोसायटीच्या सभांना विटलेली. लगेच हो म्हटलं. लक्षद्वीपचं नाव निघालं, अंदमानचं निघालं, पण दोघींनाही सारखंच परकं वाटेल असं काहीतरी हवं, हा तिचा हट्ट. तिनेच कॅरिबियन म्हटलं. मी तयारच होते, पण माझं कारण वेगळं होतं.

१९७१ च्या उन्हाळ्यात, भारतीय क्रिकेट संघ वेस्ट इंडीजमध्ये खेळत असताना, आमच्या घरी सकाळचा पेपर मागच्या पानावरून उघडला जाई. तिथलं आणि इथलं घड्याळ साधारण साडेनऊ ते साडेदहा तासांनी वेगळं. तिथे दिवसाचा खेळ संपे तेव्हा आपल्याकडे पहाट व्हायची, त्यामुळे पूर्ण धावफलक छापून आलाय की अर्धाच, यावर वडील आणि काका यांच्यात पैज लागे. किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाउन, जॉर्जटाउन ही नावं मी भूगोलाच्या पुस्तकातून शिकलेच नाही. वाडेकर कर्णधार. किंग्स्टनला सरदेसाईंच्या २१२. पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला कसोटी विजय. आणि एकवीस वर्षांचा गावसकर, पहिल्याच मालिकेत, चार कसोटींत ७७४ धावा. लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादी कॅलिप्सो गायकाने त्याच्यावर गाणं रचलं. मुंबईच्या एका पोराने आपल्या गोलंदाजांना दमवलं, आणि त्याचं गाणं आपल्याच माणसांनी आपल्याच तालावर म्हणावं, हा दिलदारपणा मला तेव्हाही कळला होता. तर माझ्या मनातलं कॅरिबियन कधी निर्जन नव्हतंच. ते खच्चून भरलेलं होतं, आणि आरडाओरडा करणारं होतं. तिथे जाऊन एकटं बसायचं, यात मला थोडी गंमत वाटली.

एकटेपणाचं दुसरं टोक म्हणजे रॉबिन्सन क्रूसो. बेत ठरल्यावर मी तो पुन्हा काढून वाचला, सामानाच्या यादीसाठी म्हणून. शाळेच्या वाचनालयात आम्हाला मिळालेली आवृत्ती संक्षिप्त होती. आता कळतं की संक्षेप करणाऱ्याने काय काय पोटात घातलं होतं. ज्याच्यावरून क्रूसो सुचला असं मानतात तो अलेक्झांडर सेलकर्क हा खलाशी खरोखर चार वर्षांहून अधिक काळ एकटा राहिला तो प्रशांत महासागरात, चिलीच्या किनाऱ्यापासून दूर. डेफोने १७१९ च्या कादंबरीत आपला नायक मात्र उचलून कॅरिबियनच्या दाराशी आणला, ओरिनोको नदीच्या मुखासमोर. त्यामुळे टोबॅगो बेट अजून अभिमानाने सांगतं की क्रूसो आमचाच. क्रूसो अठ्ठावीस वर्षं बेटावर काढतो हे सगळ्यांना आठवतं. तो निघाला कशाला होता हे फारसं कुणाला आठवत नाही. ब्राझीलमध्ये त्याचा मळा होता, मळ्याला मजूर हवे होते, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणायला म्हणून तो जहाजात बसला होता. जहाज फुटलं, बाकीचे बुडाले, हा वाचला. मग त्याच फुटक्या जहाजावर फेऱ्या मारून त्याने सुताराची हत्यारं, बंदुका, दारूगोळा, रम, कापड, कागद आणि शाई सगळं किनाऱ्यावर आणलं. शून्यातून संसार उभा करणारा माणूस म्हणून ज्याचं कौतुक होतं त्याच्याकडे आमच्या पहिल्या बिऱ्हाडापेक्षा जास्त सामान होतं.

नकाशावर आम्ही बोट ठेवलं ते सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडीन्स या देशावर. उत्तरेला सेंट व्हिन्सेंट हे मोठं बेट, त्याच्या डोक्यावर सूफ्रिएर ज्वालामुखी, जो २०२१ च्या एप्रिलमध्ये फुटला आणि हजारो लोकांना घरं सोडावी लागली. त्याच्या दक्षिणेला लहान लहान बेटांची माळ. अक्षांश म्हणाल तर साधारण मंगळूरचा. सूर्य ओळखीचा, दमटपणा ओळखीचा. या माळेच्या शेवटाकडे टोबॅगो केज नावाची पाच निर्मनुष्य बेटं आहेत: पेटी रामो, पेटी बातो, बारादाल, जेम्सबी आणि पेटी टाबाक. घोड्याच्या नालेच्या आकाराचं प्रवाळ त्यांतल्या पहिल्या चारांना अटलांटिकच्या लाटांपासून आडोसा देतं. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या २००३ मधल्या पहिल्या चित्रपटात जॅक स्पॅरोला ज्या बेटावर सोडून देतात ते हेच पेटी टाबाक. भाचीने तो प्रसंग मला फोनवर साभिनय ऐकवला.

जवळपास आणखीही नमुने आहेत. मोपियन म्हणजे वाळूचा निव्वळ ठिपका, फोटोंत त्यावर झावळ्यांची एकच छत्री दिसते. युनियन बेटाच्या क्लिफ्टन बंदरात तर एका स्थानिक माणसाने, आतला जीव खाऊन फेकून दिलेले शंख गोळा करून, त्यांच्या ढिगावर स्वतःचं छोटं बेट रचलं आणि त्यावर बार थाटला. मला या माणसाबद्दल नितांत आदर वाटतो. आणि पेटी सेंट व्हिन्सेंट हे अख्खं बेट म्हणजे एक रिसॉर्ट आहे. खोलीत फोन नाही, टीव्ही नाही. दाराबाहेर झेंड्याची काठी. पिवळा झेंडा चढवला की कुणीतरी येऊन काय हवं नको ते बघतं. लाल झेंडा चढवला की कोणी फिरकत नाही.

"लाल झेंडा! मावशी, हेच, हेच पाहिजे."

मग तिने दर बघितले आणि तो विषय मिटला. पण तो लाल झेंडा माझ्या डोक्यातून जाईना. तो चढवला की कोणी येत नाही याचा अर्थ तो बघणारं कुणीतरी आहे. झाडीआडून, ट्रेमध्ये थंड पेय घेऊन आलेला, झेंडा बघून मागे फिरणारा, आणि त्या मागे फिरण्याचाच पगार घेणारा. श्रीमंतांच्या बेटांवर माणसं नसतात असं नाही, ती दिसणार नाहीत अशी व्यवस्था असते. शेजारचं मस्टिक बेट १९५८ मध्ये कॉलिन टेनंट या ब्रिटिश सरदारपुत्राने ४५,००० पौंडांना विकत घेतलं आणि दोन वर्षांनी राजकन्या मार्गारेटला लग्नाचा आहेर म्हणून त्यातला तुकडा दिला. आहेरात बेटाचा तुकडा! आपल्याकडे स्टीलचं ताट दिलं तरी मागे नाव कोरून देतात.

तारखांचा घोळ मी थोडक्यात सांगते. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे दिवाळीची सुटी बाद. मे महिना चालला असता, पण भाचीला रजा नाही. जानेवारी ते एप्रिल हे उत्तम दिवस, आणि म्हणून महाग. व्हिसाची गंमत अशी की त्या बेटांपैकी बरीच बेटं भारतीय पारपत्राला मोकळ्या मनाने आत घेतात, पण तिथवर जाणारी विमानं ज्यांच्या विमानतळांवर बदलायची त्यांना मात्र आपली सगळी कागदपत्रं बघायची असतात. अमेरिकेत नुसतं एका विमानातून दुसऱ्यात बसायलाही व्हिसा लागतो. निर्जन बेटाच्या वाटेवरचा पहिला मुक्काम असा खिडकीपुढची रांग असतो. आम्ही लंडनहून जायचं ठरवलं, फेब्रुवारीत.

बेटावर आठवडाभर राहायचं हा मूळ बेत. त्यातला 'राहायचं' हा भाग पाण्याने खाल्ला. या सपाट, लहान बेटांना नदी नाही, झरा नाही. उन्हात एका माणसाला नुसतं प्यायला दिवसाला तीन-चार लिटर पाणी लागतं. स्वयंपाक, आंघोळ, भांडी धरली तर हिशेब कुठच्या कुठे जातो. वस्ती असलेल्या बेटांवरही लोक पिढ्यान्‌पिढ्या छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवत आलेत. पागोळ्यांखाली घमेली मांडलेल्या घरात माझं लहानपण गेलं, त्यामुळे हे मला लगेच समजलं, भाचीला समजवावं लागलं. नारळपाण्यावर राहू, ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, झाडावर कोण चढणार? तू की मी?"

शिवाय मंचिनील. कॅरिबियन किनाऱ्यांवर वाढणारं हे झाड दिसायला सावलीचं, हिरवंगार, त्याला छोट्या सफरचंदासारखी गोड वासाची फळं येतात. फळ खाल्लं तर तोंड आणि घसा भाजून निघतो. चीक अंगावर पडला तर फोड येतात. पावसात त्याच्या आडोशाला उभं राहिलं तर पानांवरून निथळणारं पाणीसुद्धा कातडी जाळतं, लाकूड जाळलं तर धूर डोळ्यांना बाधतो. बऱ्याच ठिकाणी ओळखू यावं म्हणून खोडावर तांबडा पट्टा मारलेला असतो. वाळू, समुद्र, मंद वारा, एकांत, आणि सावली देणारं एकमेव झाड मंचिनीलचं: हे हास्यचित्र अजून कुणी काढलेलं माझ्या पाहण्यात नाही. पण माझं लक्ष गेलं ते त्या तांबड्या पट्ट्याकडे. ब्रश आणि डबा घेऊन उन्हातान्हात झाडाझाडाला रंग लावत कुणीतरी फिरलेलं असतं, तेव्हा कुठे आपण तिथे निर्धास्त एकटे असतो.

वाळूचीही तीच कथा, फक्त तिथे कामगार मासे आहेत. त्या पिठासारख्या पांढऱ्या वाळूतला बराचसा वाटा पोपटमाशांचा. चोचीसारख्या दातांनी ते प्रवाळावरचं शेवाळ खरवडतात, त्याबरोबर प्रवाळाचा चुरा पोटात जातो, आणि पचन आटोपलं की तो वाळू होऊन बाहेर पडतो. बाकीची वाळू शिंपले, सूक्ष्म जीवांची कवचं आणि चुनखडी साठवणाऱ्या समुद्री वनस्पतींची. शेवाळ खाऊन हे मासे प्रवाळाला श्वास घ्यायला जागा देतात. मासे संपले तर प्रवाळ गुदमरतं आणि आडोसाही जातो. म्हणून बेलीझने २००९ पासून पोपटमासा पकडायला बंदी घातली. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपण माशांच्या हगण्यावर चादर टाकून पडणार?" होय, आणि त्यासाठी लंडनहून विमानाने जाणार.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, बॅलिसोशी येईपर्यंत.

बॅलिसो हे बेक्वे आणि मस्टिक यांच्या बाजूचं एक निर्मनुष्य बेट. आमच्या यादीत ते आलं कारण खाजगी बेटांच्या विक्रीत त्याचं नाव होतं. विकत घेण्याचा प्रश्न नव्हता, पण फोटो बघायला पैसे पडत नाहीत. गवताने झाकलेल्या टेकड्या, वळणदार किनारा, एकही घर नाही. भाचीने त्यावर बदाम काढून पाठवला. मी त्याचा इतिहास शोधायला बसले आणि त्या दिवशी पुढचं काही शोधलं नाही.

सेंट व्हिन्सेंटवर गारिफुना लोक राहत. तिथले मूळचे रहिवासी कालिनागो, आणि फुटलेल्या जहाजांतून सुटलेले, आसपासच्या मळ्यांतून पळून आलेले आफ्रिकी, यांच्या मिसळीतून झालेला हा समाज. १७६३ च्या तहात बेट ब्रिटिशांकडे गेलं आणि मळेवाल्यांना गारिफुनांची सुपीक जमीन उसासाठी दिसू लागली. लढाया झाल्या, तह झाला, पुन्हा लढाई. त्यांचा नायक जोसेफ चॅटोयर १४ मार्च १७९५ ला मारला गेला. आज तो देशाचा राष्ट्रीय वीर आहे आणि १४ मार्चला सुटी असते. तो गेल्यावरही लढाई वर्षभराहून अधिक काळ चालली. अखेर ब्रिटिशांनी त्यांची घरं, होड्या, शेतं जाळली, आणि १७९६ मध्ये सुमारे पाच हजार माणसं, बायका-मुलांसकट, उचलून बॅलिसोवर नेऊन टाकली. पुरेसं अन्न नाही, पाणी नाही, वर साथ पसरली. काही महिन्यांत जवळजवळ निम्मी माणसं मेली. उरलेल्यांना १७९७ मध्ये जहाजांत भरून होन्डुरासजवळच्या रोआतान बेटावर उतरवलं. आज होन्डुरास, बेलीझ, ग्वाटेमाला, निकाराग्वा या देशांत जे गारिफुना आहेत ते या वाचलेल्यांचे वंशज. त्यांची भाषा, नाच आणि संगीत यांना युनेस्कोने २००१ मध्ये मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं.

साम्राज्याला बेटं का आवडतात, हे अंदमान माहीत असलेल्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. तुरुंगाच्या भिंती बांधायचा खर्च वाचतो. पण बॅलिसोवर तुरुंगही नव्हता. फक्त बेट होतं. जे आम्ही सुटीसाठी शोधत होतो नेमकं तेच: पाणी नाही, घर नाही, बाहेर जायची सोय नाही, कोणी विचारायला येत नाही. गारिफुनांचे वंशज आता तिथे पूर्वजांना वंदन करायला येतात. कुणीतरी ते विकत घेऊन त्यावर हॉटेल बांधील ही धास्ती वर्षानुवर्षं होती, आणि २०२५ मध्ये तिथल्या सरकारने बेट देशाच्या मालकीत घेण्याचं जाहीर केलं.

ते वाचल्यावर मी नकाशाकडे निराळ्या नजरेने बघायला लागले. ही बेटं मुळात ओस नव्हती. कुठे माणसं मारली गेली, कुठे हाकलली गेली, कुठे रोगाने गेली, आणि मग त्या जागी मळ्यांसाठी दुसरी माणसं साखळदंडात आणली गेली. निर्जनता ही बऱ्याच ठिकाणी निसर्गाची देणगी नसून कुणीतरी पार पाडलेलं काम आहे. पाट्यांवर मात्र 'अस्पर्श' वगैरे लिहिलेलं असतं. मला आता या शब्दाचा राग येतो.

हाकललेल्यांइतकीच आणलेल्यांची कथाही तिथल्या जेवणात उतरलेली आहे. ब्लाय नावाचा तो कप्तान, ज्याच्या 'बाउन्टी' जहाजावर १७८९ मध्ये बंड झालं, तो दुसऱ्या खेपेला ताहितीहून नीरफणसाची रोपं घेऊन १७९३ मध्ये सेंट व्हिन्सेंटला पोचला. हेतू एकच, गुलामांना स्वस्तात खाऊ घालणं. किंग्स्टाउनच्या वनस्पती उद्यानात ती रोपं लागली. आज विस्तवावर भाजलेला नीरफणस आणि तळलेला मासा हे त्या देशाचं राष्ट्रीय जेवण मानतात. आमच्याकडे नीरफणसाची कापं रव्यात घोळवून तव्यावर टाकतात, तोंडी लावायला मासाच. गुलामांसाठी म्हणून आलेलं अन्न अशा तऱ्हेने घरचं होतं. गुलामी संपल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते, तेव्हा १८६१ मध्ये 'त्रावणकोर' हे जहाज मद्रासहून अडीचशेवर भारतीय मजूर घेऊन तिथे लागलं. १ जूनला तिथे अजून त्या आगमनाचा दिवस पाळतात.

एव्हाना भाची मला म्हणायला लागली होती, "मावशी, आपण सुटीला चाललोय की पीएच.डी.ला?" पण तीही गप्प झाली बेरिलबद्दल वाचून. १ जुलै २०२४ ला बेरिल हे चक्रीवादळ त्या भागावर आदळलं, चौथ्या श्रेणीचं. पुढे ते पाचव्या श्रेणीचं झालं; वर्षाच्या इतक्या सुरुवातीला अटलांटिकमध्ये असं वादळ नोंदलंच गेलं नव्हतं. ज्या युनियन बेटावरून आम्हाला होडी घ्यायची होती तिथली जवळपास ९० टक्के घरं मोडली किंवा खिळखिळी झाली, असं पंतप्रधानांनीच सांगितलं. शेजारचं मायरो, तीनशेएक वस्तीचं, तेही सुटलं नाही. जिथे लोकांच्या डोक्यावर पत्रे नाहीत तिथे आपण 'आम्हाला कोणी नको' म्हणत जायचं का, यावर आमचं दोन-तीन रविवार चाललं. तिला वाटत होतं, जाऊच नये. मला वाटत होतं, न जाऊन त्यांचं काय भलं होणार?

हा वाद आमच्या हातून सुटला तो मायरोवरच्या एका गेस्टहाउसवाल्या बाईंमुळे. भाचीने त्यांना व्हॉट्सॲपवर विचारलं की तुमच्याकडे अजून येण्याजोगं आहे का, आणि आलेलं तुम्हाला आवडेल का. बाईंनी उत्तर बोलून पाठवलं, मागे कोंबड्यांचा आवाज. त्या म्हणाल्या, छप्पर नवं आहे, टाकी भरलेली आहे, खोलीला दोन खिडक्या आहेत, आणि तुम्ही नाही आलात तर मी कोंबड्यांना खोलीत ठेवू का? मग त्यांनी विचारलं, बेटावर राहायचं म्हणता म्हणजे कुठे? टोबॅगो केजला? तिथे कोणी राहत नाही. जाणारे जातात, कासवं बघतात, संध्याकाळी परततात, नाहीतर नांगरलेल्या बोटींवर झोपतात. "तुम्हाला तिथे रात्री काय करायचंय?" या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

म्हणून आता बेत असा आहे. मुक्काम मायरोवर, बाईंच्या घरी. टेकडीवर दगडी चर्च आहे, तिथून ती पाच बेटं समोर दिसतात. विमानानंतर सेंट व्हिन्सेंटहून होडी, जी बाकीच्या बेटांवर सामान, पत्रे, सिमेंट आणि नातेवाईक उतरवत येते. बॅलिसोला आम्ही जाणार नाही. लांबून दिसलं तर बघू. बारादालजवळच्या समुद्री गवतात हिरवी कासवं चरतात, तिथे श्नॉर्केल लावून मी पहिल्यांदाच पाण्यात डोकं घालणार आहे, गुडघ्यांना पोहणं चांगलं असं डॉक्टर म्हणतात. सामानात मेतकूट आणि टोपी. चिलटं फार चावतात म्हणून ओडोमॉस. किनाऱ्यावर २०११ पासून सारगॅसम नावाचं शेवाळ ढिगांनी येऊन कुजतं, त्याचा वास आला तर नाक दाबायचं, त्याला इलाज नाही.

आणि भाचीच्या हट्टासाठी एक सकाळ पेटी टाबाकवर, दोघीच. त्यासाठी बाईंनी ओळखीच्या नाववाल्याचा नंबर दिला. वाटाघाट भाचीने केली, मी स्पीकरवर ऐकत होते.

"दिवसभर तिथे सोडाल का आम्हाला?"

"कशाला?"

"असंच. एकट्या राहायचंय."

तो थोडा थांबला. मग त्याने मोजून सांगितलं: बाराच्या पुढे ऊन सोसणार नाही, पाणी नाही, आडोसा नाही, वारा फिरला तर त्या बाजूला होडी लावता येत नाही. सकाळी सोडतो, मधे एक चक्कर मारतो, जेवायला पेटी बातोला नेतो. तिथे टेबलं मांडलेली असतात, माझी वहिनी भाजते.

"आणि आम्ही असताना दुसऱ्या कुणाची बोट आली तर?"

"येणारच. सगळ्यांना तेच बेट पाहिजे असतं," तो म्हणाला. "जेवायला लॉबस्टर की मासा, ते आदल्या दिवशी सांगा."

भाचीने लॉबस्टर सांगितला. मी तिला खुणेने विचारायला लावलं, मासा म्हणजे कुठला?

"जो मिळेल तो," तो म्हणाला, आणि आगाऊ रक्कम किती ते सांगितलं.